अर्ध्या पोत्याचा हिशेब

खान्देशात कोणाच्या शेतात बोअर झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती फुटांवर लागलं? दुसरा: किती इंची? ही दोन उत्तरं मिळाली की विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या शिवाराचं पाणी उभं राहतं. गोडं की खारं, ही तिसरी चौकशी फक्त तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात होते, कारण तिथे पहिल्या घोटालाच जीभ निकाल देते. जिभेला न कळणारं काही त्या पाण्यात असेल, तर ते विचारायची आपल्याकडे रीत नाही.

केंद्रीय भूजल मंडळाने ती चौकशी केली. मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालासाठी देशभरातल्या १५,२५९ ठिकाणचं पाणी तपासलं गेलं. जवळपास २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर होतं. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या पुढे गेलं. नायट्रेटच्या बाबतीत देशात सर्वांत वाईट ठरलेल्या १५ जिल्ह्यांच्या यादीत सात आपले होते: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, यवतमाळ आणि जळगाव. बातमी दोन दिवस चालली. जळगावात त्यावर मोर्चा निघाला नाही, बंद झाला नाही. पाण्याचा टँकर दोन दिवस उशिरा आला तर होतो तेवढाही आरडाओरडा झाला नाही. यात लोकांची चूक आहे असं मला वाटत नाही. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. माणसाने भांडायचं कशाशी?

नायट्रेट काही परकं विष नाही. पिकाला लागणारा नत्र बहुतांशी याच रूपात मुळांतून आत जातो. युरिया जमिनीत पडला की जिवाणू त्याचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. शेणखत, गोठ्यातलं मूत, शौचालयाच्या खड्ड्यातला मैला यांचीही वाट शेवटी तिथेच जाते. अमोनियमवर धन भार असतो, काळ्या मातीच्या चिकण कणांवर ऋण. म्हणून माती त्याला धरून ठेवते. नायट्रेटवरही ऋण भार, त्यामुळे मातीला ते धरता येत नाही. पाणी जाईल तिकडे ते जातं, आणि मुळांच्या खाली उतरलं की पिकाच्या हाती लागत नाही.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, ही भारतीय मानकाची मर्यादा. तिच्यामागे तान्ही मुलं आहेत. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी निळी पडणारी बाळं पाहिली आणि त्यांच्या दुधात कालवल्या जाणाऱ्या विहिरीच्या पाण्यापर्यंत माग काढला. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला हा धोका सर्वांत जास्त. अंगावर पिणाऱ्याला फारसा नाही. मोठ्या माणसांत वर्षानुवर्षं असं पाणी पिण्याचा आणि आतड्याच्या कर्करोगाचा काही संबंध आहे का, यावर डेन्मार्कसारख्या देशांत मोठे अभ्यास झाले आहेत.

आता घरातले उपाय पाहा. तुरटी फिरवली तर गाळ बसतो, नायट्रेट जागेवरच. टीसीएल टाकलं तर जंतू मरतात, नायट्रेटला काही होत नाही. आणि बाळासाठी पाणी उकळणारी आई, जी सर्वांत जास्त काळजी घेते, तिच्या पातेल्यात वाफ उडून जाते आणि मागे उरलेल्या पाण्यात नायट्रेट आणखी दाट होतं. फ्लोराइड निदान तुरटी-चुन्याने खाली बसवता येतं. नागपूरच्या ‘नीरी’ने बसवलेल्या नलगोंडा पद्धतीचा आधार तोच आहे. नायट्रेटचे जवळजवळ सगळे क्षार पाण्यात विरघळतात. ते खाली बसत नाही, कापडात अडकत नाही, तापवून उडत नाही.

*

हे पाण्यात आलं कुठून, हे समजायला पाटीवरचं एक गणित पुरतं. मी ते कोणत्याही अहवालातून घेतलेलं नाही; कोणीही करून पाहावं.

जळगावचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. त्यातला १०० मिलिमीटर खोल मुरतो असं धरू. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर म्हणजे १० लाख लिटर. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपर्यंत हे सगळं पाणी न्यायला नायट्रेट लागेल ४५ किलो. त्यातला निव्वळ नत्र १० किलोच्या जरा वर. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे युरिया २२ किलो. आजचं पोतं ४५ किलोचं. अर्धं पोतं.

म्हणजे एका हेक्टरात अर्ध्या पोत्याएवढा नत्र मुळांच्या हातून निसटून खाली गेला, की त्या हेक्टरातून त्या वर्षी जमिनीत गेलेलं सगळं पाणी पिण्याच्या मर्यादेला येऊन टेकलं.

आता केळीच्या बागेत किती पोती जातात ते पाहू. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस झाडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश अशी आहे. दीड बाय दीड मीटरवर लावलं तर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात. हिशेब होतो हेक्टरी ८८९ किलो नत्र. सगळा युरियातून द्यायचा म्हटला तर ४३ पोती. सगळा युरियातून कोणी देत नाही, मिश्रखतं असतात, शेणखत असतं, ग्रँड नैन ही जात लावणारे अंतर वाढवून झाडं कमीही बसवतात. बराचसा नत्र पीक उचलतं, काही अमोनिया होऊन हवेत जातो, आणि ओलिताचं पाणीही मुरतंच, तेव्हा अर्ध्या पोत्याच्या जागी पोतं-दीड पोतं म्हणा. तरीही ४३ पोत्यांतून दीड पोतं निसटू द्यायचं नाही, ही अट जगातला कोणता शेतकरी पाळू शकेल?

म्हणून ‘शेतकरी बेसुमार खत टाकतो’ हे नेहमीचं वाक्य मला इथे अपुरं वाटतं. शिफारशीबरहुकूम वागणाऱ्याच्या बागेखालीही पाणी मर्यादा ओलांडू शकतं. केळी हे पीकच तसं आहे: खादाड, उथळ मुळांचं, वर्षभर ओल मागणारं. मृगबाग असो की कांदेबाग, झाडाला खंड चालत नाही. याच पिकाने रावेर-यावलला बंगले दिले, पोरं इंजिनिअर केली, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिलं. त्याचं दुसरं पान जमिनीखाली लिहिलं जात होतं.

ठिबक आलं तेव्हा हे थांबायला हवं होतं. जळगाव ही तर ठिबकची पेठ. भवरलाल जैन यांच्या कंपनीमुळे देशाला नळी आणि ड्रिपर माहीत झाले. पाटाने पाणी देण्यापेक्षा ठिबकने नत्र कमी वाया जातो यात शंका नाही. पण ठिबकचा फायदा तासांवर अवलंबून असतो, आणि तास ठरवते लाईट. शेतीच्या फिडरला दिवसातून ठरावीक तास वीज, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. रात्री दोनला बागेत कोण जाणार? मोटारीला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, गेली की बंद. संध्याकाळी टाकीत खत कालवून व्हेंचुरी लावून ठेवायची; पहिल्या तासा-दीड तासात खत नळीतून जातं आणि पुढचे पाच-सहा तास साधं पाणी त्याच्या मागून पडत राहतं. केळीची बहुतेक अन्न घेणारी मुळं वरच्या फूट-सव्वा फुटात असतात. पहाटेपर्यंत खत त्यांच्या खाली पोचलेलं असतं. हेच खत पाणी देण्याच्या मध्यावर किंवा शेवटच्या टप्प्यात सोडलं आणि नंतर फक्त नळ्या धुण्यापुरतं पाणी दिलं, तर ते मुळांत राहतं. त्यासाठी बागेत माणूस जागा हवा किंवा दिवसाची खात्रीची वीज हवी. नायट्रेटच्या अहवालात विजेच्या वेळापत्रकाचा रकाना नसतो. असायला हरकत नाही.

खालचा भूगोलही साथ देतो. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, रावेरच्या बाजूने दगडगोटे आणि भरड वाळूचा उतरता पट्टा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. पाणी पिऊन टाकणारी जमीन. तिच्या दक्षिणेला तापीचा गाळ, वाळू आणि पिवळ्या मातीचे थरावर थर. नदी ओलांडून धुळ्याकडे, पाचोरा-चाळीसगावकडे गेलं की काळा कातळ. तिथे पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत. गाळात नायट्रेट सावकाश उतरतं आणि सावकाशच बाहेर येतं. आज विहिरीत दिसतं ते कोणत्या सालचं खत आहे, हे खोलीवर ठरतं. कातळात उलट: भेग सापडली की यंदाचं खत यंदाच विहिरीत.

*

सगळं खापर शेतावर फोडायचंही कारण नाही. गावठाणातल्या विहिरी आणि हातपंप पाहा. बोअर घेताना केसिंगचा पाइप फुटावर पैसे लावून येतो. मुरूम संपून खडक लागला की केसिंग थांबवायचं, ही काटकसर. पाइपाच्या बाहेरची पोकळी सिमेंटने भरायची असते, ती मातीने बुजवली जाते. मग शेजारच्या गोठ्याचं, उकिरड्याचं आणि हातपंपाच्याच फुटक्या ओट्यावर साचलेलं पाणी पाइपाच्या अंगाने सरळ खाली उतरतं. त्यात घरोघर शौचालयं झाली. चांगलंच झालं. पण शोषखड्डा आणि विहीर यांत अंतर किती ठेवायचं हे दाट वस्तीच्या गल्लीत कोणाच्या हातात असतं? खड्डा दोन बायकांच्या भांडणाचा विषय होतो, भूजलाचा होत नाही.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहून कार्ड दिलं जातं: धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. ही पद्धत मला आवडते. सरकारी असूनही ती समजते. जलसुरक्षक विहिरीभोवती फिरतो, ओट्याला तडा आहे का, गटार किती जवळ आहे, टीसीएलचा साठा आहे का, हे पाहतो. अडचण एवढीच की तिचा डोळा जंतूंवर आहे. गॅस्ट्रोची साथ येऊ नये हा तिचा जन्महेतू. हिरव्या कार्डाच्या विहिरीत नायट्रेट नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना तपासणी संच वापरायला शिकवलं गेलं. त्या संचात नायट्रेटची चाचणी आहे: नळीत पाणी घ्यायचं, पूड टाकून हलवायचं, थांबायचं, आणि गुलाबी रंग किती गडद येतो ते तक्त्याशी ताडून पाहायचं. विनारंगाच्या पाण्याला असा रंग चढताना बघणं हा गावातल्या कोणत्याही भाषणापेक्षा मोठा धडा आहे. त्या चाचण्या ग्रामसभेत सर्वांसमोर कराव्यात. सध्या त्या बहुधा नोंदवहीत होतात.

कायदाही पाण्याच्या मापाचाच जास्त विचार करत आला. १९९३ चा महाराष्ट्राचा भूजल कायदा सांगत होता की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येणार नाही. गावची विहीर आटू नये, एवढाच त्याचा हेतू. त्याच ५०० मीटरांत किती पोती पडतात, याची विचारणा नव्हती. १ जून २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूजल कायद्यात प्रदूषणाचा विचार आहे. पण कारखान्याला नोटीस देता येते. दहा हजार बागांना कशी देणार?

*

दूषित भूजल साफ करण्याच्या ज्या गोष्टी आपण ऐकतो त्या बहुधा एकाच गुन्हेगाराच्या असतात. उदयपूरजवळच्या बिछडी गावाची गोष्ट तशी. १९८८-८९ च्या सुमारास तिथे एच-अॅसिड बनवणारा कारखाना चालला, त्याचा गाळ उघड्यावर पडला, आणि विहिरींचं पाणी तांबडं-तपकिरी झालं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये निकाल दिला: ज्याने घाण केली त्यानेच निस्तरण्याचा खर्च द्यायचा. हे तत्त्व भारतीय कायद्यात पक्कं झालं ते या निकालाने. रक्कम ३७ कोटी ३८ लाख ५० हजार ठरली, आणि ती व्याजासह भरा असं न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं ते २०११ मध्ये. आपल्या सीमेपलीकडचं भोपाळ आणखी जवळचं. युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत पिथमपूरला गेला आणि पुढच्या काही महिन्यांत जाळला गेला. कचरा हलवता आला. जमिनीखालचं पाणी ट्रकात भरता येत नाही. आसपासच्या वस्त्यांना नळ देऊन तो प्रश्न बाजूला ठेवला गेला. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले, जिल्हा प्रशासनापासून जबाबदाऱ्या ठरवल्या. चांगलं पाऊल आहे. मात्र ते ‘जागा’ शोधणारं आहे. खान्देशातल्या नायट्रेटला जागा नाही, मालक नाही, कुंपण नाही.

मग लोकांनी आपला मार्ग काढला. आरओ. गावोगाव पाण्याचं एटीएम आलं, पाच रुपयांत कॅन भरणारं. लग्नाला, दहाव्याला, दुकानात वीस लिटरचा थंड जार आला. आरओने नायट्रेट खरोखर बरंच निघतं, हे मान्य केलं पाहिजे. तान्हं मूल असलेल्या घराला आज तोच खात्रीचा इलाज आहे. जारची गोष्ट वेगळी. जारातलं सगळं पाणी शुद्ध केलेलं असतंच असं नाही, काही नुसतंच थंड केलेलं असतं. पण आरओ नायट्रेट नष्ट करत नाही, बाजूला काढतं. घरगुती यंत्रात एका लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी गटारीत सोडलं जातं आणि त्या पाण्यात नायट्रेट आधीपेक्षा दाट असतं. गटार नाल्यात, नाला पांझरेत नाहीतर गिरणेत, आणि वाटेत जेवढं मुरेल तेवढं परत जमिनीत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये या वाया जाणाऱ्या पाण्यावर बोट ठेवलं होतं. एका गावापुरतं पाहिलं तर आपण तळातून क्षार उपसतो, त्यातला पेलाभर गाळून पितो आणि उरलेला तळालाच परत करतो.

श्रीमंत देशांचंही फार वेगळं चाललेलं नाही. ज्या आयोवात कॉमलींनी निळी बाळं पाहिली, तिथल्याच डी मॉइन शहराने नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला नदीच्या पाण्यातून नायट्रेट काढणारा प्रचंड प्रकल्प उभारला. तो चालवायला दिवसाला हजारो डॉलर लागतात. २०१५ साली शहराच्या पाणीसंस्थेने वरच्या अंगाच्या तीन कौंट्यांवर खटला भरला, कारण मक्याच्या शेतांतला निचरा त्यांच्या नदीत येत होता. २०१७ मध्ये खटला फेटाळला गेला. नायट्रेट अजून येतंच आहे.

नायट्रेट खरोखर संपवणारे कामगार एकच: प्राणवायू नसलेल्या जागी राहणारे जिवाणू. त्यांना कर्ब खायला द्यायचा. श्वासासाठी ते नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि नत्र वायू होऊन हवेत सुटतो. हवेत तो आधीच ७८ टक्के आहे, त्रास नाही. न्यूझीलंड आणि कॅनडात भुसा किंवा लाकडाचे तुकडे भरलेले चर शेताच्या निचऱ्याच्या वाटेत पुरून हे काम करून घेतलं गेलं. इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या संशोधकांनी १९९६ च्या सुमारास प्रयोगशाळेत कर्ब म्हणून कापूस वापरून पाहिला, आणि जुनी वर्तमानपत्रंही. ठिबकचं तंत्र आपण इस्राएलकडून उत्साहाने आणलं. हे दुसरं मागे राहिलं. खान्देशात कर्बाला तोटा आहे का? पऱ्हाटी बांधावर जळते, केळीची खोडं रस्त्याकडेला सडतात. नाल्याच्या तोंडाशी पऱ्हाटीच्या भुग्याचा एखादा चर करून आतलं आणि बाहेरचं पाणी वर्षभर मोजायला जळगावच्या केळी संशोधन केंद्राला किंवा विद्यापीठाला अवघड नाही. प्रयोग आहे, फसेलही. पाणी काही दिवस तपकिरी आणि वासाचं येईल. पण तीनशे फूट खालच्या पाण्याला असा चर पोचत नाही, हेही खरं.

*

मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकतं ते पुनर्भरणाबद्दल. खान्देशाला पुनर्भरणाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. शिरपूरला भूजल सर्वेक्षण यंत्रणेतून निवृत्त झालेले भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी तिथलेच नेते अमरीश पटेल यांच्या पाठबळावर २००४ पासून नाले रुंद केले, खोल केले, बंधाऱ्यांच्या रांगा लावल्या. गाळाच्या पट्ट्यात पिवळ्या मातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून तो खोदून काढला. कोरड्या पडलेल्या विहिरींत करवंद धरणाचं जादा पाणी सोडलं. त्यावर तज्ज्ञांचे आक्षेप आले, वाद झाले, पुढे सरकारनेच ‘शिरपूर पॅटर्न’चा पुरस्कार केला. यावल-रावेरची तळाला गेलेली पातळी वर आणायला तापी महापुनर्भरण योजना आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांसमक्ष करार झाला. ३१.१३ अब्ज घनफूट पाणी, महाराष्ट्रात २ लाख ३४ हजार हेक्टरांहून जास्त क्षेत्राला लाभ, आणि पुराचं पाणी कालव्यांनी त्याच बझाड्यात मुरवायचं.

पाणी मुरवल्याने नायट्रेट पातळ होतं, हा एक परिणाम. दुसरा उलटा आहे. जिथे पातळी शेकडो फूट खाली गेली आहे, तिथे मुळं आणि पाणी यांच्या मधल्या कोरड्या जाडीत गेल्या तीस-चाळीस वर्षांत निसटलेला नत्र वाटेतच असतो. वरून मोठं पाणी सोडलं की आधी तो सगळा खाली ढकलला जातो. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात पुराचं पाणी शेतात मुरवायच्या योजनांमध्ये हीच चिंता पुढे आली, आणि कोणत्या शेतात मुरवायचं, कोणत्या नाही, ते आधी ठरवायला लागलं. शेतातलं वाहतं पाणी सरळ बोअरमध्ये सोडणारे आपले बांधावरचे पुनर्भरण-खड्डे तर मातीची गाळणीच वगळतात; खत, फवारणीचा अंश, सगळं घेऊन पाणी थेट तळाला. खडी-वाळूची गाळणी गढूळपणा अडवते, विरघळलेलं नायट्रेट नाही. छताचं पाणी बोअरमध्ये सोडा, खुशाल सोडा. केळीच्या बागेचं सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पातळ करण्यापेक्षा वरची जमीन बदलणं स्वस्त पडतं, हे म्युनिक शहराने ओळखलं. त्यांचं पाणी मांगफाल खोऱ्यातून येतं. १९९२ पासून शहराची पाणीसंस्था तिथल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीकडे वळण्यासाठी पैसे देते. डेन्मार्कने ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खतांवर मर्यादा आणली. तिथल्या तरुण भूजलात नायट्रेट उतरताना दिसलं, जुन्या पाण्याला अजून वाट पाहावी लागते आहे. आपल्याकडे साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती जंगलासाठी. त्या जंगलाखालच्या झऱ्यांना कोणी जलशुद्धीकरण म्हणत नाही, पण वर पोतं पडत नाही म्हटल्यावर खाली वेगळं काय हवं? मात्र रावेरला जंगल करा असं सांगायला मी धजणार नाही. तिथे केळी राहणार.

राहणार असेल तर तिच्याकडूनच काम करून घ्यावं. २०१२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील तज्ज्ञांनी राज्यातल्या नायट्रेटचा मोठा अहवाल दिला. खोरंभर पाणी उपसून यंत्रात स्वच्छ करायचा खर्च अब्जावधींचा निघाला, म्हणून त्यांनी दुसरी वाट सुचवली: ते पाणी शेतकरी उपसतोच आहे, तर त्यातलं नायट्रेट खत म्हणून मोजा आणि तेवढं खत कमी करा. आपल्या गणितात बसवून पाहू. केळीला वर्षाला १,२०० मिलिमीटर पाणी दिलं तर हेक्टरी १ कोटी २० लाख लिटर. त्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर ५४० किलो नायट्रेट, म्हणजे १२२ किलो नत्र. सहा पोती युरिया. लिटरमागे १०० मिलिग्रॅम असलेल्या विहिरीतून १३ पोती. ही पोती शेतकरी नकळत देतोच आहे आणि वर शिफारशीची पूर्ण मात्राही देतो आहे. मोटार तीच, नळी तीच, वीज तीच. फक्त माती परीक्षणाच्या पत्रिकेत विहिरीच्या पाण्याचा एक रकाना हवा आणि त्यापुढे आकडा हवा: इतकी पोती वजा करा. दरवर्षी वजा होत गेली तर केळीच हळूहळू तो तळ उपसून स्वच्छ करील, दशकं लागतील, पण करील.

अडचण तंत्रात नाही, भावात आहे. युरियाचं पोतं शेतकऱ्याला २६६ रुपयांच्या आसपास पडतं. सहा पोती वाचवली तर हेक्टरी सोळाशे रुपये. बागेवर लाखांनी खर्च करणारा माणूस सोळाशे रुपयांसाठी घडाचं वजन कमी भरण्याची जोखीम घेईल, ही अपेक्षाच भाबडी आहे; मीही घेतली नसती. त्याच पोत्यामागे केंद्र सरकारचं अनुदान मात्र हजार रुपयांहून बरंच जास्त जातं. न उचललेल्या पोत्याचं अनुदान वाचतं. त्यातला वाटा पाण्याची पत्रिका दाखवून खत कमी करणाऱ्याच्या खात्यावर जमा झाला, तर सहा पोत्यांचे सोळाशे राहणार नाहीत, काही हजार होतील, आणि मग रावेरच्या कृषी केंद्रात पहिल्यांदाच कोणी विचारील की माझ्या विहिरीत नायट्रेट किती आहे.